काशियोपर्यंत पोचायला मला सात रन लागले

मे महिन्यात आमच्याकडे रात्री अकराच्या आधी काही सुचतच नाही. दिवसभर पारा पंचेचाळीसच्या आसपास, भिंतींत मुरलेली गरमी निघता निघत नाही, आणि आमच्या घरी कूलर एकच, तोही हॉलमध्ये, त्यामुळे उन्हाळाभर सगळेच हॉलमध्ये गाद्या टाकून झोपतात. माझी जागा दाराकडच्या कोपऱ्यात. लॅपटॉपचा ब्राइटनेस एकदम खाली, कानात इअरफोन, आणि नाकात खसच्या ओल्या ताट्यांचा वास. यंदाचा मे महिना मी त्या कोपऱ्यात ग्रिफ्टलँड्स नावाचा कॉम्प्युटर गेम खेळण्यात घालवला, आणि आता जरा डोकं थंड झालंय म्हणून सगळं लिहून काढून राहिली आहे.

गेम घेतला होता माझ्या धाकट्या भावाने, स्टीम नावाच्या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये. दोन तास खेळून त्याने सोडून दिला, म्हणे "ताई, ह्यात वाचायलाच बम लागते". मला वाचायला आवडतं. आणि पत्त्यांचे गेम आधी खेळलेली होती, स्ले द स्पायरवर तर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे कितीतरी तास गेलेत, म्हणून वाटलं की हे पण तसंच असेल, चार दिवसांत जमेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हा रोगलाइक डेक-बिल्डिंग गेम आहे. रोगलाइक म्हणजे मेलं की पहिल्यापासून सुरू, मधून उचलता येत नाही, आणि दर वेळी समोर येणाऱ्या गोष्टी बदललेल्या. सुरुवातीपासून मरेपर्यंत किंवा जिंकेपर्यंतचा एक डाव म्हणजे एक रन. १९८० साली आलेल्या रोग नावाच्या गेमवरून ते नाव पडलं. डेक-बिल्डिंग म्हणजे हातात आधी साधी कार्डं असतात आणि खेळता खेळता तुम्ही तुमचा गठ्ठा बनवत जाता. ग्रिफ्टलँड्स कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या क्लेई एन्टरटेनमेंटचा, डोन्ट स्टार्व्ह बनवणारे तेच. २०१७ ला त्यांनी हा पहिल्यांदा दाखवला तेव्हा हा पत्त्यांचा गेमच नव्हता, नंतर त्यांनी तो पार मोडून नव्याने बांधला, २०१९ च्या जुलैमध्ये अल्फा म्हणजे कच्ची आवृत्ती आली आणि पूर्ण गेम १ जून २०२१ ला. मला ह्या गोष्टीचं फार कौतुक वाटतं, की जगाला दाखवलेलं काम बाजूला ठेवायचं आणि म्हणायचं नाही, हे असं नको, वेगळं करू. त्या मोडतोडीतूनच ह्या गेमचा जीव आला असणार, कारण ह्यात डेक एक नाही, दोन आहेत. एक मारामारीचा आणि एक बोलण्याचा.

बोलण्याचा म्हणजे खरोखर बोलण्याचा. समोरच्याशी घासाघीस करायची, त्याला पटवायचं, दटावायचं, नाहीतर गोलमाल बोलून गुंडाळायचं, आणि हे सगळं कार्डांनी. मारामारीत जशी हेल्थ असते तसा बोलण्यात रिझॉल्व्ह असतो, म्हणजे तुमचा धीर म्हणा किंवा ठामपणा म्हणा. समोरच्याचा मूळ मुद्दा मध्ये मोठा गोल बनून बसलेला असतो, त्याच्याभोवती तो बारके बारके मुद्दे उभे करत जातो, तुम्हीपण तुमचे उभे करता, आणि मग एकमेकांचे मुद्दे फोडत फोडत आत शिरायचं. त्याचा मूळ मुद्दा शून्यावर आला की तुम्ही जिंकलात. तुमचा रिझॉल्व्ह शून्य झाला तर तुम्ही हरलात, पण मरत नाही. ते काम बोलून होणार नाही एवढंच, मग पैसे मोजा, मार खा, किंवा मार द्या. हा फरक मला कळायला दोन रन गेले.

कथा सालची. साल एक बाउंटी हंटर, म्हणजे इनामासाठी माणसं पकडणारी, कर्जापायी काशियो नावाच्या बाईने तिला विकून टाकलेलं, आणि आता ती मर्डर बे नावाच्या बंदरी गावात परत आली आहे, हिशोब चुकता करायला. जगाचं नाव हवेरिया. तिथे अ‍ॅडमिरल्टी म्हणजे वर्दीवाले, आणि स्प्री म्हणजे लुटारू, आणि दोघांच्या मधे अडकलेले साधे मजूर, दुकानदार, कामगार. आणखी दोन पात्रं आहेत, रूक आणि स्मिथ, पण सुरुवात सालपासून होते आणि मी अजून तिच्याचबद्दल सांगू शकते.

पहिला रन मी मारामारीवर काढला. सालकडे दोन खंजीर आहेत, वार करत गेलं की कॉम्बो साठत जातो आणि मग एका फिनिशर कार्डात तो सगळा कॉम्बो खर्च करून मोठा घाव घालायचा. फार छान वाटतं ते, तीन अ‍ॅक्शन असतात एका टर्नला, दोन बारके वार आणि तिसरा दणका. मी बोलायची संधी आली की सरळ टाळायची, "लढू" वर क्लिक. दुसऱ्या दिवशी हेल्थ अर्धी, पैसे औषधपाण्यात गेले, आणि एका साध्या चकमकीत तिघांनी घेरून मारलं. गेमच्या भाषेत दुसरा दिवस, माझ्या घड्याळात रात्रीचे दोन.

दुसऱ्या रनमध्ये मी एकदम उलटं केलं आणि इथून मला गेम खरा समजायला लागला. ठरवलं, सगळं बोलून सोडवायचं. आणि जमलं हो, भलतंच जमलं! गोदामाचा पहारेकरी बोलून हटवला, वसुली बोलून केली, एका मजुराला त्याच्या मुकादमाच्या तावडीतून बोलून सोडवलं, अंगाला ओरखडा नाही. मी इतकी खूश होती त्या रात्री. आणि मग असा एक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आला जो बोलतच नाही, सरळ अंगावर येतो, आणि मी मारामारीचा डेक उघडून पाहते तर त्यात तीच पहिल्या दिवशीची कार्डं. कारण सोपं आहे, बोललं की बक्षीस म्हणून बोलण्याची तीन कार्डं समोर येतात त्यातलं एक घ्यायचं, लढलं की लढण्याची. शिवाय कार्ड जितक्या वेळा वापराल तितका त्याचा अनुभव भरत जातो आणि भरला की ते सुधारतं, दोन पर्यायांतला एक तुम्ही निवडायचा. मी लढलीच नव्हती तर तो हात मजबूत होणार कुठून. चार टर्नमध्ये खेळ खलास.

म्हणजे प्रत्येक भांडण टाळताना मी एक पैसा तिकडे कमी टाकत होती, आणि प्रत्येक वेळी हात उचलताना इकडे. हा ताळेबंद संपूर्ण रनभर चालतो. कुठली गोष्ट बोलून सोडवायची आणि कुठली मुद्दाम लढून, हे त्या त्या प्रसंगाला काय सोपं पडेल ह्यावर ठरवायचं नसतं, पुढे काय येणार ह्यावर ठरवायचं असतं. मी अकाउंट्सचं काम करते, दिवसभर दोन रकाने जुळवते, आणि तरी हे मला दोनदा मरून कळलं.

तिसऱ्या रनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बोलण्याच्या कार्डांत तीन जाती आहेत, डिप्लोमसी म्हणजे गोडीगुलाबी, हॉस्टिलिटी म्हणजे दमदाटी, आणि मॅनिप्युलेट म्हणजे इकडची तिकडची मदत, बचाव, जास्त कार्ड ओढणं वगैरे. इन्फ्लुअन्स साठवला की गोडीची कार्डं जोरात लागतात, डॉमिनन्स साठवला की दमदाटीची. मी दिसेल ते चांगलं कार्ड घेत गेली, थोडं हे थोडं ते, आणि शेवटी हातात असं यायचं की इन्फ्लुअन्स भरपूर आणि कार्डं सगळी दमदाटीची. गचाळ डेक. चौथा पण तसाच गेला, त्यावर वेळ घालवत नाही.

मग आत्या आली.

आत्या उमरेडला असते, आमच्या नात्यात एक लग्न होतं म्हणून आली आणि मग उन्हात परत कशाला जाते म्हणून महिनाभर राहिली. तिने तिशीपासून साड्या विकल्यात, घरोघरी गठ्ठा घेऊन, हप्त्यावर. वही आणि आवाज, एवढ्याच भांडवलावर तिने दोन पोरं शिकवली. तिला रात्री झोप कमी लागते. तर एका रात्री मी पाचव्या रनमध्ये, आणि पाठीमागून आवाज आला.

"काय पाहून राहिली वं एवढ्या रातच्याले?"

"गेम आहे आत्या. पत्त्यांचा."

"पैशाचा हाय का?"

"नाही ना. ही बाई आहे ना, हिला त्या माणसाकडून तिच्या कामाचे पैसे वाढवून घ्यायचेत. तेच बोलणं चाललंय."

आत्या उठून बसली, चष्मा लावला आणि सरकून माझ्या बाजूला आली. मी इअरफोन काढला. गेममधली माणसं बोलतात ती भाषा बनावट आहे, नुसती आवाजाची गडबड, खालचं सगळं इंग्रजीत लिहिलेलं, ते मी तिला मराठीत सांगत गेली. त्यामुळे झालं काय की मला पहिल्यांदा प्रत्येक कार्ड नीट वाचावं लागलं.

प्रसंग असा होता. काम झालेलं, ठरलेले पैसे मिळणारच होते, पण गेम अशा वेळी विचारतो की जास्तीचे मागून बघतेस का. हो म्हटलं की बोलणं सुरू होतं आणि समोरच्याच्या भोवती जास्तीच्या पैशाचे वेगळे मुद्दे दिसतात, ते फोडले की तेवढे शिल्स वाढून मिळतात. शिल्स म्हणजे तिथला पैसा. माझा रिझॉल्व्ह राहिला होता नऊ. हातात पाच कार्डं, अ‍ॅक्शन तीन. समोरचा पुढच्या टर्नला कुठे आणि किती जोरात घालणार हे आधी दिसतं, बाण येतो त्याच्या मुद्द्यावरून तुमच्या मुद्द्यावर आणि वर आकडा. त्याचे दोन बाण होते माझ्या मूळ मुद्द्याकडे, एक चारचा एक तीनचा, म्हणजे सात गेले तर माझ्याकडे दोन उरणार. मी नेहमीप्रमाणे तिन्ही अ‍ॅक्शन पैशाच्या मुद्द्यावर टाकायला निघाली.

आत्या म्हणाली, "थांब. थो काय बोलणार हाय थे तुले आधीच दिसते?"

"हो."

"आन् तरी तू आपलंच घोडं दामटून राहिली? त्याचं बोलणं आधी मोड ना."

मी बघितलं. तीनचा बाण त्याच्या एका बारक्या मुद्द्यातून येत होता, आणि त्या मुद्द्याचा जीव होता फक्त दोन. एका साध्या गोडीच्या कार्डात तो फुटला. एका अ‍ॅक्शनचं बचावाचं कार्ड, त्याने माझ्या मूळ मुद्द्यावर कंपोजर चढला, चारचा वार तिथेच जिरला. उरलेल्या एका अ‍ॅक्शनमध्ये पैशाच्या मुद्द्याला नुसता धक्का. टर्न संपवला, रिझॉल्व्ह नऊचा नऊच. पुढच्या टर्नला त्याच्याकडे बोलायला एकच मुद्दा उरला होता आणि माझ्याकडे पूर्ण हात.

तीन टर्नमध्ये दोन्ही जास्तीच्या रकमा घेऊन बोलणं संपलं. आत्या म्हणाली, "असंच असते. गिऱ्हाईक पयले म्हणते रंग जाते, मंग म्हणते पदर लहान हाय, मंग म्हणते तिकडे बुटीबोरीले स्वस्त भेटते. तू लगेच भाव कमी केला का तुहं काम खतम. पयले रंगाचं उत्तर दे. पाण्यात बुडवून दाखव पदर. मंग तिच्यापाशी बोलाले काही राह्यत नाही."

आणि ती परत आडवी झाली, पाच मिनिटांत घोरायला पण लागली, आणि मी तशीच बसून राहिली. मी चार रन बोलण्याच्या लढाईत फक्त स्वतःचं म्हणणं पुढे रेटत होती. बोलणं म्हणजे माझ्यासाठी लढाई चुकवायची पळवाट होती, त्यात समोरच्याचं काही ऐकायचं असतं हे मी बघितलंच नव्हतं, बाण समोर दिसत असताना. गेम बनवणाऱ्यांनी तो बाण उगाच काढलेला नाही.

पाचवा रन त्यामुळे खूप लांब गेला. ह्या कथेत मधे एका टप्प्यावर ठरवावं लागतं की कुणाच्या बाजूने काम करायचं, अ‍ॅडमिरल्टीतली ऊलो किंवा स्प्रीचा नदान. मी ऊलोकडे गेली. वर्दीवाल्यांच्या बाजूने असलं की जरा सोपं जाईल असं वाटलं, पण मग स्प्रीची माणसं रस्त्यात गाठायला लागली, आणि मारामारीचा डेक अजून अर्धाकच्चा. शेवटच्या दिवशी काशियोसमोर पोचायच्या आधीच संपली. तरी मी नाराज नव्हती. रन संपला तरी मेटल नावाचे पॉइंट जमतात, त्यांच्याने सालमध्ये कायमच्या सुधारणा होतात आणि त्या पुढच्या रनमध्येही टिकतात, म्हणजे केलेलं सगळंच वाया जात नाही.

सहाव्याबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे, कारण त्या रनचं मला अजून वाईट वाटतं.

ह्या गेममध्ये लढाईत समोरच्याच्या हेल्थच्या पट्टीवर एक खूण असते. हेल्थ त्या खुणेखाली गेली की माणूस घाबरतो, हत्यार टाकतो. सगळ्यांनी टाकलं की लढाई थांबते आणि तुम्हाला विचारलं जातं, मारायचं की सोडायचं. कुणी सांगत नाही काय करा. मारलं तर त्या माणसाच्या जवळचं कोणीतरी तुमचा तिरस्कार करायला लागतं, आणि तिरस्कार करणारा माणूस जिवंत असेपर्यंत तुमच्या मानगुटीवर एक बेन बसतो, म्हणजे कायमचा तोटा. उलट कुणी मनापासून जीव लावायला लागलं तर त्याचा बून मिळतो, कायमचा फायदा. गावातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे हे लिहिलेलं असतं, त्याच्याकडून काय मिळेल आणि काय भोगावं लागेल.

दुसऱ्या दिवशी एका वसुलीच्या कामात एक मजूर आडवा आला. साधा मजूर, पगार बुडला म्हणून चिडलेला. बोलणं मी हरली, मग मारामारी झाली, त्याने हत्यार टाकलं. आणि मी त्याला मारलं. का मारलं तर त्याने मला बरंच लागवलं होतं, हेल्थ वीसच्या खाली आणली होती, आणि मी चिडलेली होती, रात्रीचा दीड वाजलेला, दुपारी ऑफिसात एका वरिष्ठाने सगळ्यांसमोर माझ्या चुकीचा नसलेला हिशोब माझ्या डोक्यावर मारलेला. तो राग मी त्या मजुरावर काढला. कार्ड टाकायच्या आधी मला माहीत होतं की हा राग त्याचा नाही.

पुढच्या सीनमध्ये बारमध्ये गेली तर एक बाई, तिच्याशी मी कधी बोललीपण नव्हती, तिच्या नावापुढे तिरस्काराची खूण. तिचा बेन माझ्या बोलण्याच्या प्रत्येक बैठकीत आडवा यायला लागला. बेन काढायचे रस्ते आहेत. त्या माणसाला मुद्दाम डिवचून भांडण उकरून काढायचं आणि त्यालाही संपवायचं, म्हणजे बेनही गेला. मी पर्याय उघडून बघितला. त्या बाईचं चित्र होतं समोर, हात बांधून उभी. मी ते केलं नाही, बेन घेऊन तसाच रन पुढे ओढला आणि हरली. लोक म्हणतील कार्डं आहेत, आकडे आहेत, एवढं काय. पण हे आकडे माणसांच्या नावापुढे लावलेत म्हणून तर हात थांबतो. बाकीच्या डेक-बिल्डर गेममध्ये शत्रू मेला की तो विषय संपला, पुढची खोली. इथे तो कुणाचातरी कोणीतरी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला हे सांगितलं. रविवार होता, भाऊ गोकुळपेठेतून तर्री पोहे बांधून घेऊन आला होता, आम्ही खाऊन राहिलो होतो. आत्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "थे बाई कोण होती त्याची?" मी म्हटलं गेम ते सांगत नाही. "बहीण असंन," आत्या म्हणाली, आणि तर्री वाढून घेतली. मग बऱ्याच वेळाने, भांडी उचलता उचलता, म्हणाली की तिने एकदा एका बाईचे तीन हप्ते सोडले होते, नवरा पडला होता कामावरून, तर त्या बाईने पुढच्या दिवाळीला सगळी गल्ली तिच्याकडे आणली. "अकरा साड्या एका दुपारी. वहीत हाय अजून."

सातवा रन मी शनिवारी रात्री सुरू केला, दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून. ह्या वेळी बोलण्याचा डेक फक्त डिप्लोमसीचा ठेवायचा, दमदाटीचं कितीही भारी कार्ड दिसलं तरी हात लावायचा नाही, असं आधीच ठरवलं. सुरुवातीची दमदाटीची कार्डं पैसे मोजून एकेक काढून टाकली. हे करताना जीवावर येतं, कारण पैसे देऊन आपण काही घेत नाही, उलट टाकतो, पण बारीक डेकमध्ये पाहिजे ते कार्ड लवकर परत हातात येतं. मारामारीचा डेक कॉम्बोवर. आणि रोज निदान एक प्रसंग असा की जो मी बोलून सोडवू शकत होती पण मुद्दाम लढली, हात तयार व्हावा म्हणून. हे सगळ्यात अवघड गेलं. समोर आयतं बोलण्याचं दार उघडं आणि आपण हेल्थ घालवायला जायचं, पण पहिल्या दिवशीच ते करून ठेवलं तर स्वस्तात पडतं, समोरचे कमजोर असतात.

पहिल्याच दिवशी अशा एका मुद्दाम केलेल्या लढाईत स्प्रीचा एक फुटकळ गुंड होता, त्याने हत्यार टाकलं, मी सोडून दिला. नंतर एका रस्त्यात परत भेटला तेव्हा त्याची काहीतरी अडचण होती, ती मी निस्तरली, पैसे गेले थोडे. त्याच्या नावापुढे जीव लावल्याची खूण आली आणि बून मिळाला. ह्या वेळी मी नदानची बाजू घेतली. त्यामागे काही मोठा विचार नव्हता, पाचव्या रनमध्ये ऊलोची बाजू पाहून झाली होती म्हणून दुसरी पाहायची होती.

एक मोठी चूक झाली, ती पण सांगते. तिसऱ्या दिवशी एका बोलण्यात मी मूळ मुद्दा जवळजवळ फोडला होता, एक टर्न बाकी, आणि मी हावेने जास्तीच्या पैशाचा मुद्दा आधी घ्यायला गेली. तेवढ्यात त्याने नवा मुद्दा उभा केला, दोन बाण वाढले, आणि माझा रिझॉल्व्ह संपला. ते काम बोलून झालं नाही, चार माणसांशी लढावं लागलं. त्या रात्री बारमध्ये बसून पेल्यांवर पेले घ्यावे लागले, दारू घेतली की रिझॉल्व्ह भरून येतो ना, पण शिल्स पार तळाला गेले. पुढच्या दिवशीची सगळी खरेदी हुकली.

रात्री सव्वादोनला लाईट गेली. कूलर बंद पडला आणि सगळा हॉल एकदम जागा झाला, बाबा हातपंखा शोधायला लागले, आई म्हणाली दार उघडा, भाऊ शेजारच्यांची गेली का बघायला बाहेर गेला. लॅपटॉपच्या बॅटरीवर एक्केचाळीस टक्के. आणि मी काशियोसमोर.

शेवटची लढाई मी किती वेळ खेळली आठवत नाही, पण प्रत्येक टर्न मोजून खेळली. अंधारात फक्त माझी स्क्रीन, आणि आत्या परत बाजूला येऊन बसलेली, पुठ्ठ्याने वारा घालत, मला पण आणि स्वतःला पण. इथे बोलणं नाही, इथे कॉम्बोच. तिचा वार कधी किती येणार ते दिसतं, त्याप्रमाणे बचाव, मग बारके वार, कॉम्बो सहा, सात, पण फिनिशर हातात येत नव्हता. दोन टर्न तसाच गेला आणि माझी हेल्थ चौदावर आली. आत्याला मारामारीची कार्डं कळत नव्हती, ती फक्त एवढंच विचारत होती, "आता तिचा बाण कुठं हाय?" मी सांगायची. मग फिनिशर आला. बारीक डेक होता म्हणून आला, नाहीतर आणखी एक टर्न लागला असता आणि तो टर्न माझ्याकडे नव्हता.

काशियो पडली तेव्हा माझी हेल्थ होती पाच. मी ओरडली नाही, सगळे उकाड्याने वैतागून बसले होते, फक्त आत्याचा हात धरला. आईने विचारलं काय झालं, तर आत्या म्हणाली, "हिचं कर्ज फिटलं."

लाईट चार वाजता आली. तोवर आम्ही दोघी गच्चीवर जाऊन बसलो होतो, वर जरासा वारा होता, दूर मेट्रोच्या पुलाचे दिवे दिसत होते, म्हणजे त्या बाजूला गेली नव्हती. आत्याने विचारलं की पहिल्या दिवशी सोडलेल्या त्या गुंडाचं पुढे काय झालं. मी सांगितलं की शेवटपर्यंत जिवंत होता, त्याचा बून शेवटच्या लढाईपर्यंत चालला. तिने मान हलवली.

आत्या नंतर उमरेडला गेली. मी परत सालचाच रन लावला आहे, ह्या वेळी एक पायरी अवघड. प्रेस्टिज म्हणतात त्याला, जिंकलं की पुढची पायरी उघडते. मर्डर बे तेच, गुत्ता तोच, तो चालवणारी फ्श्श तशीच काउंटरच्या मागे, पण रस्त्यावरची फुटकळ माणसं दर रनला नव्याने वाटली जातात. पहिल्या दिवशीची ती लढाई आली तेव्हा मी तोच गुंड असेल म्हणून वाट पाहत होती. दुसराच निघाला, चेहरा वेगळा, नाव वेगळं, नावापुढचा बून पण वेगळा. त्याने हत्यार टाकलं. मी त्याचं नाव वाचलं आणि सोडून दिलं.